गहाळ फोटो आणि दोन कॅमेरे

नाट्यगृहात त्यांना 'खातरजमाबाई' हे नाव पडलं त्याला तीसेक वर्षं होऊन गेली. कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता. नाटकांचे फोटो काढणं हा बाईंचा व्यवसाय आणि संशय घेणं हा स्वभाव. घराला कुलूप लावून दोन जिने उतरल्या की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायच्या. चहा छान झालाय असं नवरा म्हणाला, तर "कालचा नव्हता का?" असं विचारायच्या. नवरा म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, अगदी थंड डोक्याचे. "लग्न ठरताना हिने माझी जन्मतारीख माझ्या आईला वेगळी विचारली आणि मामाला वेगळी," असं ते आल्यागेल्याला सांगत. बाई त्यावर शांतपणे म्हणत, "दोन दिवसांचा फरक निघाला होता."

फोटोंच्या बाबतीत तर विचारूच नका. उमेदवारीच्या दिवसांत एका वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये त्यांचे बारा फोटो नाहीसे झाले होते. कुणी घेतले, का घेतले, शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कामाला लागताना पहिल्या फोटोचा क्रमांक आणि संपताना शेवटच्याचा, असे दोन आकडे त्या तळहातावर पेनने लिहीत. रोल गेले, कार्डं आली, तरी तळहात रंगायचा राहिला नाही.

जगात एकच माणूस या संशयातून सुटलं होतं. ते म्हणजे त्यांची भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, बत्तिशीची, गेली नऊ वर्षं मावशीबरोबर कामाला. मावशीने फोटो काढायचे आणि भाचीने ते कार्डावरून संगणकात घ्यायचे, निवडायचे, रंग ठाकठीक करायचे, अशी वाटणी होती. भाचीने पुढ्यात ठेवलेले फोटो बाई डोळे झाकून मान्य करायच्या. तळहातावरचे आकडे हल्ली नुसते लिहिले जायचे, कशाशी ताडून बघितले जात नसत.

त्या वर्षी नाट्यगृहाला पन्नास वर्षं पुरी होणार होती. त्यानिमित्त त्या हंगामातल्या सगळ्या नाटकांच्या फोटोंचं मोठ्या आकाराचं पुस्तक काढायचं ठरलं आणि ते काम बाईंकडे आलं. नेमका तेव्हाच त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, "याचे भाग आता मिळत नाहीत." बाईंनी आणखी दोन दुरुस्तीवाल्यांना विचारलं. तिघांचं उत्तर एकच निघाल्यावर त्यांना उलट तिघेही एकमेकांना ओळखत असावेत असं वाटलं. पण नवा कॅमेरा घेण्यावाचून इलाज नव्हता.

दुकानदाराने काचेवर दोन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे काढून ठेवले. दोन्ही धंदेवाईक कामाचे, दोन्ही बिनआवाजाचे. नाटकाच्या ऐन शांततेत खटका वाजून चालत नाही. फरक होता तो आतल्या सेन्सरचा. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो, प्रकाश तो टिपतो. एकाचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा भरघोस, तर दुसऱ्याचा लांबी-रुंदीला जेमतेम निम्मा.

"मोठाच घ्या ताई," दुकानदार म्हणाला. "अंधारात याच्यासारखा नाही. काळोख कसा स्वच्छ काळा येतो, दाणे म्हणून दिसत नाहीत."

"आणि हा छोटा मग ठेवलाय कशाला?"

"त्याचंही गिऱ्हाईक आहे. हलका आहे, लेन्स लहान. पण तुमच्यासारख्यांनी..."

"माझ्यासारख्यांनी म्हणजे?"

दुकानदार काच पुसायला लागला. भाची मात्र म्हणाली, "मावशी, छोटा घे. दिवसभर मानेला अडकवून फिरायचं असतं. शिवाय रंगमंचावर पुढचा-मागचा असे दोन्ही नट यात एकदम स्पष्ट येतील."

बाईंनी मोठा उचलला, त्याला लांब लेन्स लावून घेतली आणि रस्त्यावरच्या उजेडात बघते म्हणून दाराबाहेर गेल्या. परत येताना पायरीवरच त्यांच्या कानावर भाचीचा दबका आवाज पडला. "हे मावशीला कळू देऊ नका हं." दुकानदार म्हणाला, "माझ्याकडून नाही कळणार."

बाई आत आल्या तेव्हा दोघंही पिशव्यांचे बंद तपासत होते. दुकानदाराने लबाडी केली असती तर त्यांना नवल वाटलं नसतं. ती त्यांनी गृहीतच धरली होती. पण भाची? चेहऱ्यावर काही न दाखवता त्या म्हणाल्या, "दोन्ही आठवडाभर वापरून बघते. मगच सांगेन." दुकानदार चटकन तयार झाला. इतका चटकन, की बाईंना तेही खटकलं.

हंगामातल्या नव्या नाटकाची तालीम सकाळी अकराला असे. प्रेक्षागृहात मिट्ट काळोख, रंगमंचावर एक टेबल, टेबलावर एक दिवा आणि दिव्याजवळ पत्र वाचणारी नटी. साऱ्या नाटकात याहून अंधारा प्रवेश नव्हता. बाईंनी दिग्दर्शकाला सांगून ठेवलं आणि पहिल्या दिवशी मोठ्याने, दुसऱ्या दिवशी छोट्याने, त्याच जागेवरून त्याच प्रवेशाचे चाळीस-चाळीस फोटो काढले. काही फोटोंवर आडवे पट्टे उमटले. प्रकाशयोजनाकार म्हणाला की वर टांगलेल्या एका नव्या एलईडी दिव्यामुळे तसं होतं. बाईंनी तो दिवा तीनदा बंद करायला लावला, तीनदा चालू करायला लावला, मग कुठे विश्वास ठेवला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघायची त्यांना सवय नव्हती. भात शिजत असताना सारखं झाकण काढल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत. दोन्ही दिवशी कार्ड भाचीच्या हाती दिलं आणि तिसऱ्या दिवशी ती छपाईचा कागद आणायला बाहेर पडली तशा त्या स्टुडिओतल्या तिच्या संगणकासमोर बसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा तळहात समोर धरला.

मोठ्याचे फोटो असायला हवे होते चाळीस. होते एकोणतीस. एकशे तीननंतर एकदम एकशे सहा, एकशे अकरानंतर एकशे पंधरा. छोट्याचे अडतीस होते.

बाईंनी संगणक होता तसा ठेवला. भाची आली तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून चहा पीत होत्या. "दमलीस?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. पण डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. भाचीला छोटा हवा आहे, हे उघड होतं. दुकानदाराशी काही ठरलंही असेल. मग तिने मोठ्याचे चांगले फोटो उडवले असणार, म्हणजे छोटा सरस दिसावा! एवढं साधं गणित. आणि आपण नऊ वर्षं हिच्या भरवशावर राहिलो.

या कॅमेऱ्यांत दोन-दोन कार्डं बसतात. तशी सोय लावून ठेवली की काढलेला प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी गुपचूप दोन्हींत दुसरं कार्ड घातलं, पुन्हा दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच प्रवेश टिपला, दोन्हींचं एकेक कार्ड भाचीला दिलं आणि उरलेली दोन पर्समध्ये चष्म्याच्या डबीत टाकली. दुपारी भाची जेवायला गेली तेवढ्यात तिच्या संगणकावर नसलेले क्रमांक टिपून घेतले आणि घरी आल्या त्या थेट मास्तरांच्या संगणकापाशी.

"माझा पत्त्यांचा डाव चाललाय," मास्तर म्हणाले.

"हरणारच आहात. उठा."

मास्तर उठले. बाईंनी गहाळ झालेले फोटो एकेक करून उघडले आणि त्यांचं गणित पार कोसळलं. उडवलेल्यांत चांगला एकही नव्हता. सगळे हललेले. नटीच्या चेहऱ्याला दुहेरी कड, दिव्याची ज्योत पुसलेली, पत्राच्या जागी पांढरा फराटा. आणि त्यातले बहुतेक मोठ्याने काढलेले.

"हे कसं जमायचं?" त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या. "जिला छोटा घ्यायचाय, ती मोठ्याचं वाईट का झाकतेय?"

"कुणी काय झाकलं?" मास्तरांनी विचारलं. बाईंनी पुढचा फोटो उघडला.

दुसऱ्या दिवशी भाची यायच्या आत त्यांनी जुन्या कॅमेऱ्याचे फोल्डर उघडले. चार वर्षांपूर्वीच्या फोटोंचे क्रमांक ओळीने होते, एकही गाळलेला नाही. तीन वर्षांपूर्वीपासून मधूनच एखादा नाही. गेल्या वर्षी दहांत एक. या वर्षी दहांत दोन. बाई खुर्चीत मागे रेलल्या. दोन नवे कॅमेरे, एक जुना. तिन्हींत एकच खोट असणं शक्य नव्हतं. तिन्हींत सारखं होतं ते एकच, आणि त्याचा विचार करायला त्यांचं मन तयार होईना.

तरी खातरजमा केल्याशिवाय राहतील त्या बाई कसल्या! तालमीत त्यांनी मोठा कॅमेरा भाचीच्या हातात दिला. "जरा घे चार-दहा फोटो. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय." भाचीने त्यांच्याच जागेवर उभं राहून दहा फोटो काढले. मध्यंतरात बाईंनी चष्मा चढवून मागच्या पडद्यावर ते मोठे करून पाहिले. दहाच्या दहा खणखणीत. पत्रावरची अक्षरं मोजता आली असती.

नटमंडळी चहाला गेली होती. रिकाम्या प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत बाईंनी भाचीला शेजारी बसवलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय, मावशी?"

"माझे फोटो गाळतेस ते. एकशे चार कुठे आहे? एकशे पाच कुठे आहे?"

भाचीचा चेहरा उतरला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तीन वर्षं. आधी क्वचित व्हायचं. मला वाटलं, दमत असशील. मग वाढत गेलं. वजन असलं की जास्त थरथरतो तुझा हात."

"आणि दुकानदाराला काय सांगितलंस? 'मावशीला कळू देऊ नका' ते?"

"ऐकलंस तू?" भाचीने कपाळाला हात लावला. "हेच सांगितलं. आदल्या दिवशीच फोनवर म्हटलं होतं, हात सावरून घेणारा कॅमेरा दाखवा, दोन्ही आठवडाभर वापरायला द्या, तिचं तिला कळू दे. तर तो मोठ्याचीच तारीफ करत बसला. म्हणे, स्टँड लावतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? 'तुझा हात हलतो' म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कशावरून? कुणी शिकवलं तुला? तुला माझी जागा हवी का? खरं सांग, विचारलं नसतंस?"

बाईंनी कॅमेरा बंद करून मांडीवर ठेवला. भाचीला दुकानदाराची दलाल ठरवून त्या परवापासून झोपत होत्या आणि उठत होत्या. ते आता सांगण्यात अर्थ नव्हता, आणि न सांगता बसवतही नव्हतं.

"त्याच्याहून वाईट विचार केला," त्या शेवटी म्हणाल्या. "माफ कर मला. पण तूसुद्धा चुकलीस. हललेला फोटो माझा आहे. तो ठेवायचा की टाकायचा, हे मी ठरवणार. तू माझी लाज राखत होतीस, आणि मी मात्र अजून आपला हात स्थिर आहे असं समजून कामं घेत होते."

भाची रडायला लागली. बाईंनी तिच्या हातात रुमाल दिला. तो देतानाही त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर होती.

डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला, काही प्रश्न विचारले आणि सांगितलं, ही नुसती थरथर आहे, जिवाला धोका नाही, हळूहळू वाढेल. गोळी लिहून दिली. बाईंनी गोळीच्या डबीतलं बारीक अक्षरांचं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनीही तेच सांगितल्यावर गोळी सुरू केली.

राहिला प्रश्न कॅमेऱ्याचा. भिंतीवर हातभर रुंदीचे दोन फोटो लावले. एक भाचीने मोठ्याने काढलेला, एक बाईंनी छोट्याने काढलेला. मोठ्याचा काळोख मखमलीसारखा होता. छोट्यात कोपऱ्यातल्या अंधारात बारीक दाणे दिसत होते. पण पत्र वाचताना नटीचा ओठ दाताखाली आला होता, तो क्षण बाईंच्याच फोटोत होता, आणि स्पष्ट होता.

"हा," भाचीने छोट्याकडे बोट दाखवलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस."

"मग विचार कुणालाही."

बाईंनी खरंच विचारलं. कोणता कशाने काढला ते न सांगता दिग्दर्शकाला, प्रकाशयोजनाकाराला आणि प्रेक्षागृह झाडणाऱ्या बाईला वेगवेगळं बोलावून विचारलं. दिग्दर्शक आणि झाडणारी बाई छोट्याच्या बाजूने पडले. "हिच्या पत्रात काहीतरी वाईट आलंय," झाडणारी बाई म्हणाली. "त्या दुसरीला तसलं काही आलेलं दिसत नाही." प्रकाशयोजनाकाराने मात्र मोठ्याला मत दिलं. त्याला त्याचा काळोख स्वच्छ हवा होता.

बाईंनी छोटा घेतला. पुस्तकातल्या दोन फार अंधाऱ्या नाटकांपुरता मोठा भाड्याने आणला आणि तो भाचीच्या गळ्यात अडकवला. दुकानदार म्हणाला, "बरं केलंत ताई, हाच चांगला." बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पावती करायला आत पळाला.

छोट्या कॅमेऱ्यावर त्यांनी आणखी तीन हंगाम काढले. मग एके दिवशी, कुणी काही सुचवायच्या आत, त्यांनीच तालमीची जागा भाचीला दिली. स्वतः दिवसाच्या उजेडात, खिडकीशी खुर्ची मांडून, स्टँडवर कॅमेरा ठेवून नटनट्यांचे चेहरे टिपू लागल्या. मधल्या तीन वर्षांत रोज दुपारी दोघी संगणकासमोर बसत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक फोटो बघत.

"हा हललाय, मावशी."

"दिसतंय मला. ठेव बाजूला. पुढचा दाखव."