झाकणाला हात लावायचा नाही

वडिलांनी सगळे दात काढून घेतले आणि मोठ्याचं मटणही सोडलं. म्हशीचं, झणझणीत, दर रविवारचं. आमच्या घरात एवढ्या एकाच गोष्टीवर कधी वाद झाला नव्हता. कवळी बसवली, पण ती मटणाच्या पहिल्याच तुकड्याला शरण गेली. मग वडील वरणात भाकरी कुस्करून खायचे आणि आम्ही नळ्या ओढायला लागलो की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. मला ते बघवेना.

म्हणून मी विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारा स्लो कुकर मागवला आणि एका रात्री पंगतीत उभा राहून, छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "दादा, या रविवारी तुम्ही मटण खाणार. मेक्सिकन. आणि तेही बिनदातानं!"

वडील नुसते हसले. त्यांची थोरली बहीण मात्र हसली नाही. वैजापूरकडच्या विहिरी आटल्या म्हणून आमची ही आत्या उन्हाळाभर आमच्याकडं राहायला आली होती.

"मेक्शिकन म्हंजी रं काय?"

"आपल्यासारखीच माणसं, आत्या. मिरची खाणारी."

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. लाल मिरच्या भाजल्या, त्यांना कोळशाची धुरी दिली, टोमॅटो, लसूण, जिरं, लवंगा घालून सगळं वाटलं. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या बायको वर्षभर साठवते, त्या सगळ्या फोडल्या. पोटरीच्या मांसाचे मोठे तुकडे वाटणात लोळवून भांड्यात ठेवले, वर लिंबू पिळलं आणि बटण दाबलं.

"पाणी?" आत्यानं विचारलं.

"लागत नाही."

"जाळ?"

"दिसत नाही."

"जाळ नाय, पाणी नाय, आन् म्हणं मटण! ऊन लागलं व्हय रं तुला?" असं म्हणून तिनं शेजारच्या गॅसवर वरण टाकलं. "माझा भाऊ उपाशी नाय झोपायचा."

या भांड्याचा नियम एकच. झाकण उघडायचं नाही, उघडलं की आतली वाफ गेली. आणि आमच्या घराचा नियमही एकच. मटण शिजत असताना येताजाता झाकण उघडून बघायचं. आत्यानं उघडलं, बायकोनं उघडलं, पुन्हा आत्यानं उघडलं. मी हात जोडले, पाया पडलो, शेवटी लाटणं घेऊन पहाऱ्याला बसलो. मांस आपलं दगडासारखं होतं.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "टँकर!"

शहर वाढत वाढत आमच्या प्लॉटपर्यंत आलं होतं, नळ मात्र वाटेतच कुठंतरी थांबला होता. त्या उन्हाळ्यात टँकरला मी घातल्या नाहीत अशा शिव्या नाहीत. आत्या घागर घेऊन पळाली, बायको पाइप घेऊन, मी ड्रम लोटत. आमचा नंबर आला आणि टँकर संपला. दुसरा येईपर्यंत सगळी गल्ली उन्हात भांडत उभी. आम्ही परतलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

स्वयंपाकघरात वडील खुर्ची टाकून भांड्यासमोर बसले होते.

"दादा, उघडलंत?"

"हात बी लावला नाय. वास घेत बसलोय."

मी पडदा उघडावा तसं झाकण उचललं. चमचा नुसता टेकवला आणि मांसाचे धागे सुटले. वडिलांनी कवळी काढून डबीत ठेवली, डबी कोनाड्यात सारली. पहिला घास जिभेवर घेतला, डोळे मिटले. मग त्यांनी भाकरीचा तुकडा थेट भांड्यातच बुडवला.

त्या दिवशी ते ओट्यावर गेले नाहीत. तीनदा वाढून घेतलं. आत्या घागरींतलं पाणी गाळून, हातपाय धुऊन ताटावर येईपर्यंत भांड्याला फक्त लाल तेल उरलं होतं.

"अक्का," वडील बोटं चाटत म्हणाले, "तू वरण लई भारी करतीस. खा की!"