आईने आईसाठी केलेली प्रार्थना

माझी आई अतिशय दयाळू होती, आणि त्यापायी आमच्या घरात एकही धड वस्तू वर्षभर टिकत नसे. बाबा इंदूरच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. एकदा ऐन पावसाळ्यात तिने बाबांची छत्री एका टांगेवाल्याला देऊन टाकली. बाबा निथळत घरी आले तेव्हा म्हणाली, "तुम्हाला काय, दवाखाना दोन पावलांवर. तो बिचारा दिवसभर उघड्यावर बसतो." बाबा डोकं पुसत म्हणाले, "हो, तेही खरंच." बाबांचा सगळा संसार याच एका वाक्यावर चालला होता.

मला छत्रीचं काही नव्हतं. पण नाताळाला मला एक पिवळा झगा शिवला होता, पाठीवर मोठा बो असलेला. तो मी फक्त एकदा घातला, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. आठवडाभराने मिलमजुरांच्या वस्तीतली एक मुलगी खोकल्याचं औषध न्यायला आली. थंडीने कुडकुडत होती. आईने ट्रंक उघडली. मी शाळेतून येत होते, तर माझा झगा फाटकातून बाहेर पडत होता, आणि झग्यात ती मुलगी होती. मी दोन दिवस रडले. आई म्हणाली, "एवढ्याशा झग्यासाठी जीव टाकतेस? प्रभूने आपल्याला काय शिकवलंय?" प्रभूने काय शिकवलंय ते मला तोंडपाठ होतं. त्याने आपल्या अंगावरचं द्यायला सांगितलंय, दुसऱ्याच्या ट्रंकेतलं नाही! पण हे मी आईला कुठली सांगतेय? अंगणातल्या पेरूच्या झाडाला सांगितलं आणि गप्प बसले.

तेव्हा मध्यभारत नवीनच झाला होता. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सगळ्या फायली ट्रंका भरभरून आगगाडीने इकडून तिकडे जायच्या, कारकूनही त्यांच्यामागून जायचे. सरकारच असं म्हटल्यावर आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी काही नवीन काढलं तर त्यांना कोण बोलणार? ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर असं माणूस लिहायचं, ज्याच्यावर प्रीती करणं आपल्याला सगळ्यात कठीण जातं. चिठ्ठ्या दानाच्या मखमली पिशवीत टाकायच्या. मग पिशवी परत फिरेल आणि प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. जो निघेल त्याच्यासाठी चाळीस दिवस रोज प्रार्थना करायची, आठवड्यातून एकदा त्याला भेटायला जायचं, काहीतरी घेऊन जायचं, आणि निघताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. त्याच्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. मुलांना भेटी माफ होत्या, चिठ्ठी मात्र सुटली नव्हती.

मी डाव्या हाताने लिहिलं, "कंपाउंडरची बायको." घडी घातली आणि पिशवीत टाकली. मनातून एकदम हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पिशवी परत आली. मला शाळेचे हेडमास्तर निघाले. त्यांच्यासाठी मी चाळीस दिवस प्रार्थना केली, त्यांच्यात काडीचा फरक पडला नाही. बाबांना कोरी चिठ्ठी निघाली. ती त्यांनीच टाकली होती. आणि आईने चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे कान लाल झाले. पूर्ण मंडळीत कंपाउंडर एकच, आणि त्यांना बायकोही एकच.

उपासना संपल्यावर बाबांनी चिठ्ठी बघितली आणि पाळकसाहेबांना गाठलं. पाळकसाहेब म्हणाले, "अरेरे, स्वतःचीच निघाली तर परत टाकायची, हे सांगायचं राहूनच गेलं." आई म्हणाली, "बायबलात प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कोणी परत टाकल्या होत्या का? देवाने निवडलंय. मी करणार."

आणि तिने केलं. बाप रे, काय केलं!

त्याच संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत ती डोळे मिटून म्हणाली, "हे प्रभू, त्या बाईवर दया कर. ती कशीही असली तरी तुझं लेकरू आहे. तिचं कोणी काय बिगाडलं नसताना... नाही नाही, तिने कोणाचं काय बिगाडलं नसताना लोक तिच्याबद्दल वाटेल ते लिहितात." बाबांनी हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही गच्च मिटले.

पहिल्या बुधवारी ती भेटीला निघाली. चांगलं लुगडं नेसली, वाटीत शेव घेतली, पुढच्या दाराने बाहेर गेली, दार लोटून घेतलं आणि बाहेरून कडी वाजवली. मी दार उघडलं. "सलाम. बाई आहेत का घरात?" मी म्हटलं, "नाहीत." खरंच नव्हत्या. ती तणतणत परत आली, "एवढी शेव घेऊन भेटायला गेले, तर या बाईचा घरात पत्ता नाही!" बाबा म्हणाले, "अगं, तू बाहेर होतीस ना." यावर ती विचारात पडली आणि मग तिने ठरवलं की त्या बाईच्या जागी कोणीतरी बसायला पाहिजे.

आधी बाबांना बसवलं. स्वयंपाकघरातल्या तिच्या पाटावर, तिची शाल पांघरून. तिने विचारलं, "बाई, तुम्ही लोकांना फार टाकून बोलता असं ऐकलं." बाबा म्हणाले, "हो, तेही खरंच." "पण मनाने तुम्ही चांगल्या आहात." "हो, तेही खरंच." आई भडकली. "मी अशी आहे? एवढी मिळमिळीत?" बाबांची तिथल्या तिथे सुट्टी झाली आणि शाल माझ्या खांद्यावर आली.

मला आई तोंडपाठ येत होती. दहा वर्षं दुसरं ऐकलंच काय होतं मी? "या, बसा. चहा घेणार ना? नाही म्हणू नका, आधण ठेवलंय. आणि चपला नीट काढा, सकाळीच सारवलंय." आई बघतच राहिली. "अगदी तश्शी!" ती बाबांना म्हणाली. दर बुधवारी ती येऊ लागली, मी तिला चहा देऊ लागले, आणि तिने त्या बाईसाठी आणलेली शेव नियमाप्रमाणे मी खाऊ लागले. निघताना ती माझ्या डोक्यावर हात ठेवून स्वतःसाठी लांबलचक प्रार्थना करायची. इथपर्यंत माझं मस्त चाललं होतं.

पण चिठ्ठी लिहिली कोणी, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने प्रत्येक बाईकडून लोणच्याची कृती लिहून मागितली आणि सगळे कागद त्या चिठ्ठीशेजारी मांडले. आमच्याकडे सात प्रकारचं लिंबाचं लोणचं जमलं, अक्षर एकही जुळलं नाही. मग तिला ग्वाल्हेरला गेलेल्या एका कारकुनाचा संशय आला. बाबा म्हणाले, "तो त्या रविवारी इंदुरात नव्हताच." आई म्हणाली, "राजधानी इकडून तिकडे जाऊ शकते, तर एक चिठ्ठी तिकडून इकडे येऊ शकत नाही?"

आता गंमत बघा. वाईट शब्द काढायचा नाही आणि भांडायचं तर मुळीच नाही, म्हणून जिचा संशय येईल तिला प्रेमाने जिंकायचं असं आईने ठरवलं. प्रेमाने म्हणजे अर्थातच आमच्या वस्तूंनी. देवळात पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या भाचीला माझी उडी मारायची दोरी गेली. त्या कारकुनाच्या घरी बाबांचा मफलर गेला. दवाखान्यातल्या मेट्रनबाईंना माझी उशी गेली, कारण त्यांची मान दुखायची. मी एक झगा गेला म्हणून चिठ्ठी लिहिली, आणि त्या चिठ्ठीने माझं उरलंसुरलं घर धुवून नेलं. रोज वाटायचं, सांगून टाकावं. मग आईचा हात आठवायचा. तो हात दया करताना जेवढा मोकळा होता, तेवढाच पाठीत धपाटा घालतानाही होता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, देवळातून येताना ती शांतपणे म्हणाली, "मला कळलं. पाळकीणबाईंनीच लिहिलंय. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. ईस्टरला त्यांच्या लेकाला तुझी रंगांची डबी देऊ या."

रंगांची डबी! संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केल्याबद्दल बक्षीस मिळालेली, बारा रंगांची. माझ्याकडे माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. मी जेवले नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी डबीपेक्षा वाईट एक गोष्ट मी पाहिली. घरी आल्यावर आई चिठ्ठी हातात धरून बाबांना विचारत होती, "मी खरंच एवढी वाईट आहे का हो?" आणि बाबा पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

शनिवारी शेवटची भेट होती. कडी वाजली. मी शाल गुंडाळून पाटावर बसले. आई आली, शेवेची वाटी ठेवली. "बाई," ती म्हणाली, "माझे चाळीस दिवस संपत आले. तुमच्याबद्दल ते कोणी लिहिलं असेल, तुम्हाला काही वाटतं का?"

मी आईच्या आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीने."

मिलचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर आईने विचारलं,

"का?"

"मी तिचा पिवळा झगा न विचारता देऊन टाकला."

"मग गरिबाला द्यायचं नाही का, बाई? ती मुलगी थंडीने काकडत होती."

"द्यायचं. पण विचारायचं."

"तिने हो म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं," मी म्हणाले. "तरी विचारायचं."

आता धपाटा पडणार, म्हणून मी मान खाली घातली. पण ती पाहुणी होती आणि मी ती बाई होते. पाहुणीला नियम होता. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे प्रभू, ही बाई..." म्हणाली आणि थांबली. माझ्या आईला प्रार्थनेत शब्द सापडले नाहीत असं कधी झालं नव्हतं. आख्खी मंडळी बाकांवर चुळबुळायची तरी हिचं आमेन यायचं नाही. आता ती नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं, मी शालीतून तोंड बाहेर काढलं आणि माझ्याच आवाजात म्हणाले, "ही बाई चांगली आहे. मीच लिहिलं. आमेन."

आई उठली. पदराने तोंड पुसलं, पुढच्या दाराने बाहेर गेली, आणि जरा वेळाने मागच्या दाराने आत आली. माझ्या अंगावरची शाल काढून घडी घातली.

"कोण आलं होतं गं?"

"एक बाई आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडल्या."

"बरं," आई म्हणाली आणि तिने शेगडी पेटवली. रंगांची डबी ईस्टरला घरीच राहिली. पाळकीणबाईंना लिंबाचं लोणचं गेलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वस्तीतली ती मुलगी पुन्हा औषधाला आली. अंगात माझा पिवळा झगा, बो केव्हाच तुटलेला. मी खिडकीशी डबी उघडून बसले होते आणि ती रंगांकडे टक लावून बघत होती. आईने ते पाहिलं. तिचा हात सवयीने डबीकडे गेला आणि वाटेतच थांबला. माझ्याकडे वळून, परक्याशी बोलावं तशी ती म्हणाली, "देऊ का?"

मी म्हणाले, "नको."

आई उभी राहिली. देणारे हात रिकामे असले की कुठे ठेवायचे, हे तिला माहीत नव्हतं. शेवटी ती त्या मुलीला म्हणाली, "बेटा, ये इसकी है. ये मना कर रही है." तिच्या तोंडून कोणाला 'नाही' गेलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मुलीने मान हलवली, त्यात काही विशेष नसल्यासारखी. मला मात्र इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी डबी तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "कौनसा चाहिए?" तिने पिवळा उचलला. मग मीच आणखी पाच काढून दिले.

"अगं, देतेच आहेस तर सगळी डबी दे की!" आई मागून ओरडली.

बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "डबी तिची आहे."

आईने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाटावर जाऊन बसली.

"हो," ती म्हणाली, "तेही खरंच."