अग्नी विशेषांकाची एकच प्रत

आग लावणाऱ्या माणसांची मला किळस येते. दंगलीत आग लावणाऱ्यांची सगळ्यांनाच येते. मी म्हणतो ती रोजची, साधी माणसं. मिसरोदला आमच्या कॉलनीत सकाळी पाचोळा झाडतात, त्यात दुधाच्या पिशव्या आणि लहान मुलांचे डायपर कोंबतात, काडी ओढतात आणि पाठ फिरवून चहा प्यायला निघून जातात. गहू निघाला की पलीकडच्या शेतांत उरलेली खुंटं, म्हणजे इकडच्या हिंदीत नरवाई, पेटवून देतात. मग आठ दिवस चादरींना, टॉवेलांना, एवढंच काय पोळ्यांनाही जळका वास येतो. बोलायला जावं तर म्हणतात, सगळेच जाळतात.

मी बरखेड्याला कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर काढली. लोखंडाचे मोठाले भाग ठरल्या वेळात ठरल्या तापमानाला न्यायचे आणि तितक्याच सावकाश थंड करायचे, हे माझं काम. यंत्रावर आकडे दिसत, पण लोखंड डाळिंबी कधी झालं आणि नारिंगी कधी, हे डोळ्यालाच कळावं लागे. एकदा पाळीत मी बारा मिनिटं जागेवर नव्हतो, तर साहेबांनी सगळ्यांसमोर माझा उद्धार केला. बरोबरच केलं. आग कामाची खरी, पण तिच्याकडे पाठ करायची नाही.

आगीवरच्या कवितांचाही मला तिटकारा आहे. आमच्या मराठी मंडळाच्या कविसंमेलनात दर वर्षी निदान चार जण पेटायचे. कुणाच्या काळजात वणवा, कुणाच्या लेखणीत ठिणगी, कुणाची तर अख्खी पिढीच निखाऱ्यावर उभी. यांतल्या एकालाही साधी शेगडी पेटवताना मी पाहिलं नाही. ते काम त्यांच्या बायका करत.

त्या काळी मंडळ दर वर्षी हस्तलिखित अंक काढायचं. प्रत एकच. ज्याचा लेख त्याने तो आपल्याच अक्षरात जाड कागदावर उतरवून द्यायचा, कारखान्याच्या ड्रॉइंग शाखेतला कुणीतरी मुखपृष्ठ रंगवायचा, आणि पुठ्ठ्यात बांधलेला तो अंक वर्षभर वाचनालयाच्या टेबलावर असायचा. एका वर्षी विषय ठरला 'अग्नी'. संपादक माझ्याकडे आले. भट्टीवाला माणूस, लिही म्हणाले. मी म्हटलं, "आगीवर लिहायचं नसतं. लक्ष ठेवायचं असतं." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं मी ते ज्याला त्याला ऐकवत होतो. लेख मग माझ्या बायकोने दिला. मंडळाच्या अंकात तिने लिहिलेला तो पहिला आणि शेवटचा.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी नाशिकला असते. दिवाळीत तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "बाबा, आईचा तो अंकातला लेख मला हवाय. तिच्या अक्षरातलं माझ्याकडे किराण्याच्या याद्यांशिवाय काहीच नाही हो. नुसते फोटो काढून पाठवा." आठ दिवस मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मग एका सकाळी रिक्षा केली आणि मंडळात गेलो.

फाटकातच धूर लागला. अंगणात वाचनालयातल्या पुस्तकांचा ढीग पेटवला होता. नुसती पुस्तकं नव्हती. गणपतीचं थर्माकोलचं मखर, माजी पदाधिकाऱ्यांचे चेहरे छापलेले फ्लेक्स, रेक्झिनच्या फाटक्या खुर्च्या, सगळं एकावर एक. वर पेट्रोल ओतलेलं. काळा, चिकट धूर घशाला जाऊन बसत होता आणि मंडळाचा तरुण सचिव मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत उभा होता. मला त्या धुराची किळस आली. जाळायचीच तर पुस्तकं पुस्तकं म्हणून तरी जाळा, हे थर्माकोलबरोबर काय?

"हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"अहो काका, सगळ्याला दीमक लागली होती," तो म्हणाला. "कबाडीवालापण घेऊन नाही गेला. ती खोली आता हॉलमध्ये घेतोय, शादीच्या बुकिंगसाठी. आणि तसंही मराठी वाचतंय कोण आता?"

मराठी मंडळाचा सचिव हे मराठी मंडळाच्या अंगणात बोलत होता.

"आणि हस्तलिखितं?"

"ती मोठी मोठी, पुठ्ठ्याची? ती तर पहिलेच टाकली, खाली बेससारखी. टेन्शन नका घेऊ काका, फालतू सामान होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण भट्टीवरची एक गोष्ट मला ठाऊक होती. घट्ट बांधलेलं पुस्तक सहजासहजी जळत नाही. पानांमध्ये हवा शिरत नाही, कडा तेवढ्या काळ्या पडतात. जाळायचंच तर पानं सुटी करून घालावी लागतात. या गाढवाला ते माहीत नव्हतं, हे देवाचे उपकार. कुंपणाजवळ एक लोखंडी सळई पडली होती. ती घेऊन मी ढीग उकरायला लागलो. तीन अंक ओढून बाहेर काढले. तिसरा 'अग्नी'चा. पुठ्ठ्याचा कोळसा झाला होता, आतली पानं कडांवर तपकिरी पडली होती, पण अक्षर शाबूत होतं.

अंक निवेपर्यंत मी सचिवाला झाडून काढलं. म्हटलं, "हे कुणीतरी हाताने लिहिलंय. दुसरी प्रत नाही याची. जाळण्याआधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही? निदान उघडून बघावंसं?" तो मान खाली घालून "सॉरी काका" म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी पायरीवर बसलो आणि बायकोचा लेख उघडला. तो मी तोवर वाचलेला नव्हता. अंक वर्षभर टेबलावर होता, पण माझ्या पाळ्या असत, आणि बायका आगीवर लिहिणार म्हणजे चूल नाहीतर फोडणी, असं मी धरून चाललो होतो.

लेखाचं नाव होतं 'अंघोळीचं पाणी'. चार पानं. सुरुवातीला तांब्याचा बंब कसा पेटवायचा, राख कशी काढायची, असलं सगळं. तिसऱ्या पानावर हे होतं:

"लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मावठा झाला आणि बंबात घालायची लाकडं भिजली. यांची सकाळची पाळी होती. माझ्या ट्रंकेत कॉलेजपासूनच्या सात वह्या होत्या. कविता, आणि दोन गोष्टी. मी चहा घेऊन मागच्या दारी आले तेव्हा पाचवी वही चालू होती. बंद वही जळत नाही, म्हणून हे पाटावर बसून एकेक पान सुटं करून घालत होते. मला म्हणाले, बघ, रद्दी कामी आली. पाणी छान तापलं. त्या दिवशी मीही त्याच पाण्याने न्हाले."

पुढे पुन्हा राखेने भांडी कशी लख्ख निघतात, ते. रागाचा एक शब्द नाही.

मी डोक्याला खूप ताण दिला. मावठा आठवला, पाट आठवला. वह्या आठवेनात. आठवलं ते भलतंच: त्या वर्षी मंडळात मी माझं ते 'लक्ष ठेवायचं असतं' ऐकवलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. मला वाटे, कौतुकाने. त्या सगळ्यांनी हे वाचलेलं होतं.

"मिळालं ना काका?" सचिवाने विचारलं. "बाकीचं टाकू परत?"

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मनात आलं, हेही टाक म्हणावं. मुलीला सांगितलं असतं की मंडळाने जाळलं, आणि तिला खरंच वाटलं असतं. त्या क्षणी माझी मला जी किळस आली, ती त्या धुराचीही आली नव्हती.

तिन्ही अंक मी पिशवीत घातले. चारही पानांचे फोटो तिथेच पायरीवर बसून काढले आणि पाठवून दिले. रिक्षा मिसरोदच्या वळणावर होती तेव्हा मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, चिडलेलीही वाटली नाही.

"बाबा, त्या वह्यांत काय होतं?"

"माहीत नाही गं."

"एकेक पान सुटं केलंत ना? एखादं तरी नजरेखालून गेलं असेल. एखादी ओळ. काहीही आठवत असेल ते सांगा."

मी अंकांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. ती थांबली होती.

"निळी शाई होती," मी शेवटी म्हणालो.

तेवढंही खरं नव्हतं. निळी शाई मी तासाभरापूर्वी त्या चार पानांवर पाहिली होती, आणि ती चार पानं आता तिच्यासमोरही होती.