पोटाजवळची माती

मागच्या महिन्यात पुण्याहून कार्ड आलं. आमचे हे दारातच उभे राहून वाचत होते, वाचता वाचता थांबले, म्हनले, "शालिनीबाई गेल्या. झोपेतच." माह्या कडेवर लहानी होती, तिले घेऊनच मी खाली बसली... मी चौथीवरी शिकलेली, अन् त्या बाईबद्दल लिहाचं म्हंजे काय सोपं हाय का!

दोन वर्साआंधी त्या आल्या. मेहकरच्या खाली, पैनगंगेकाठी आमच्या गावचं पांढरीचं, म्हंजे जुन्या मोडलेल्या वस्तीचं, टेकाड हाय, तिथं खोदकाम चालू होतं. पुण्याहून आलेले बाकीचे सारे तंबूत राहत, शालिनीबाईले आमी समोरची खोली देल्ली. अन् त्यायचं काम ऐकून मी तर गारच झाली. टेकाडात जुन्या घराच्या भुईखाली मडकं निंगालं होतं, मडक्यात एका लेकराचे हाडकं, हजारो वर्साचे. त्या लेकराच्या पोटाच्या जागची माती बाई डबीत घालून आनत, औषधाच्या पान्यात भिजवत, अन् भिंगाच्या यंत्रातून पाहत, का त्याले जंत होते का.

"काऊन पाहता हो बाई?" मी इचारलं.

"अगं, जंतांची अंडी मातीत टिकतात. ती सापडली की कळतं, ही माणसं कशी राहत होती, काय खात होती."

आत्याबाई, माही सासू, चुलीपासून म्हनल्या, "जित्त्या मानसाचे जंत सरले वाट्टे!" सगळ्यात जास्त बाईच हासल्या.

मले हासू येत नव्हतं. माहा दिलीप चार वर्साचा, त्याच आठवड्यात त्याचं पोट नगाऱ्यावानी फुगलं, घास जाईना, तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, मेलेल्या लेकराची माती घरात आली, तेच आता ह्याले आपल्याकडं ओढून राह्यलं. बाई टेकाडावर गेल्या तशी मी डबी उचलली, पळत पळत नदीवर गेली अन् पान्यात ओतली. ओततांनी म्हनत होती, "जाय बापा, आपल्या मायकडं जाय, माह्याले सोड..."

बाईनं रिकामी डबी पाह्यली. मी रडत रडत सारं सांगून टाकलं. त्या खालीच बसल्या, डबीत बोट फिरवत राह्यल्या. मंग म्हनल्या, "अर्धी होती गं ती. अर्धी पेटीत आहे, नशीब. दिलीपला इकडं आण." त्यायनं त्याचं पोट दाबून पाह्यलं. "उद्या सकाळी याची शी काडेपेटीत घालून मला दे."

दुसऱ्या दिवशी मले हाक मारली. "सुमन, ये, बघ."

मी भीत भीत डोळा लावला. उजेडाच्या चकतीत एक लांबट दाना, बदामी रंगाचा, कडेनं झालर लावल्यावानी.

"हा तुझ्या दिलीपचा." बाईनं काच बदलली. "आणि हा त्याचा."

तसाच दाना! झालर तेवढी झिजलेली... ते घर गेलं, गाव गेलं, नाव सांगाले कोनी नाई राह्यलं, अन् लेकराच्या पोटातलं एवढंसं अंडं तेवढं मातीनं जपून ठेवलं. तेही असंच अंगनात खेळत असन, माती खात असन, माय वरडत असन.

"बाई, ते याच्यानंच मेलं का हो?"

"ते माती सांगत नाही. पोटात जंत होते, एवढंच सांगते. तुझ्या दिलीपसाठी मात्र औषध आहे, ऊठ."

काम तसंच टाकून त्या दुपारच्या मोटारीनं आमाले मेहकरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी जंताचा गोळा पडला. चौथ्या दिवशी पोट्ट्यानं सोताहून भाकर मांगितली. बाई म्हनल्या, "आधी त्याची नखं काढ, नखांखालच्या मातीतूनच अंडी पोटात जातात."

खोदकाम सरून बाई पुण्याले परत जातांनी मी त्यायले इचारलं, "त्या लोकायनं लेकराले घरातच काऊन पुरलं असन?"

"मला नाही माहीत. तुला काय वाटतं?"

मले असं कोनी कधी इचारलंच नव्हतं. मी म्हनलं, "मायले लांब ठेववलं नसन." बाईनं ते वहीत लिहून घेतलं. माहं बोलनं, वहीत!

त्या खोलीत आता तुरीचे पोते हायेत. पन दर आईतवारी मी दोन्ही लेकरायले तिथंच बसवते, नखं काढते, नखाखालची माती काडीनं कोरते, बाई जेवाआंधी आपली कोरत तशी. दिलीप वरडते, "माय वं, दुखते!" मी हात सोडत नाई. त्या मायले सांगाले कोनी नव्हतं. मले होतं.