माझ्या पारड्यातला तांदूळ

माझं माहेर आंदर मावळात आहे. टाकवे बुद्रुकपर्यंत जीप मिळते, पुढे एसटी आली तर एसटी, आणि ती सोडते तिथून गावापर्यंत चढण. चढणीच्या मध्यावर एक आंबा आहे. लहानपणी तिथे थांबायची कधी गरज पडली नाही. पन्नाशी जवळ आली तसा तो आंबा आधी माझा विसावा झाला आणि मग शेवटचा थांबा.

वर जायला दुसरी सोय नव्हती असं नाही. दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी एकदा निघाले होते. अर्ध्या चढावर गाडीने पुढचं चाक उचललं. त्यानंतर दादाने किंवा मी, कोणीही तो विषय काढला नाही.

लोणावळ्यात एका रिसॉर्टचं हाउसकीपिंग माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी खोल्या रिकाम्या होतात आणि संध्याकाळी पुन्हा भरतात, तेव्हा चादरी, टॉवेल, अभ्रे यांच्या याद्या केल्याशिवाय हे काम होत नाही. ती सवय घरीही आली. वाण्याची यादी, औषधांची यादी, कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला त्याची यादी. वजनाची नोंद तेवढी कुठे नव्हती. दवाखान्यात काट्यावर उभं राहायची वेळ आली की मी सांगायचे, आकडा तुमच्याकडे लिहा, मला सांगू नका. नवऱ्यालाही तो माहीत नव्हता. त्याने कधी विचारला नाही, यावरून तो किती समंजस आहे हे कळावं.

उपाय सगळे झाले होते. गरम पाण्यात मध झाला, रात्रीचं जेवण बंद झालं, सकाळी धरणापर्यंत चालणं झालं. प्रत्येक उपायाने थोडं वजन जायचं आणि परत येताना सोबत आणखी घेऊन यायचं. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बोलू. साखरेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वजन उतरवायच्या ऑपरेशनचा विषय त्यांनीच काढला. मी बघते म्हणाले. बघते म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं.

मग गेल्या उन्हाळ्यात मी आंब्यापर्यंत गेले आणि पुढे जाता येईना. दादाला फोन केला. तो म्हणाला, ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन खाली येतो. त्या ट्रॉलीतून कडबा आणि विटा वर जातात. मी तोही विचार केला. पण दादा ट्रॅक्टर काढेपर्यंत आईच खाली उतरून आली. ती ऐंशीच्या घरात आहे. हातात स्टीलचा डबा होता. आंब्याखाली बसून तिने मला भाकरी आणि पिठलं वाढलं, दमलीस म्हणून एक भाकरी जास्त वाढली, वहिनीची तब्येत, गाईचं दूध, सगळं सांगून झालं. मग तिने डबा बंद केला, पदर खोचला आणि चढायला लागली. वळणावरून मागे बघून म्हणाली, "सावकाश जा गं. उतार हाय."

माहेरपण संपलं होतं. मी खाली उतरले, जीपमध्ये बसले आणि लोणावळ्याला पोचायच्या आत डॉक्टरांची वेळ घेतली.

ऑपरेशन काय असतं ते सर्जनने कागदावर काढून दाखवलं. जठर पिशवीसारखं असतं, त्याचा मोठा भाग उभा कापून काढायचा, जी उरते ती केळ्याएवढी नळी. मी प्रश्नांचा कागद नेला होता. गळती लागली तर काय, टाके केव्हा, कामावर केव्हा, चढण केव्हा. चढणीचा प्रश्न त्यांना नवीन होता. फॉर्मवर वजनाचा आकडा मात्र मला पहिल्यांदाच माझ्या हाताने लिहावा लागला. तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, हे तुम्ही नक्की कोणासाठी करताय. मी म्हटलं, एका रस्त्यासाठी. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

ओळखीच्या माणसांचं मत विचारावं लागलं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, तोंड आवरायचं सोडून पोट कशाला कापायचं. कामावरच्या एकीने तर जेवताना ताटात बघून, मॅडम, आता खाऊन घ्या, असं सांगितलं. हे सगळं मी ऐकून घेतलं. प्रश्न आईचा होता.

आईच्या लहानपणी घरातला तांदूळ वर्षभर पुरत नसे. त्यामुळे अंगाने भरलेली लेक ही तिच्या लेखी कमाई होती. मला बघायला पाहुणे आले तेव्हा, माझी लेक भरली हाय, असं तिने त्यांना दोनदा ऐकवलं होतं. खाऊन अंग वाढलं म्हणून लेक पोटातलं जठरच कापून टाकतेय, हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचेना. मी फोनवर सांगितलं, पोटाचं ऑपरेशन आहे.

"खडा हाय का?" तिने विचारलं. त्यांच्या आळीत एकीच्या पित्ताशयात खडे झाले होते.

मी म्हटलं, दुर्बिणीतून करतात, बारीक भोकं पाडतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. यातलं काहीही खोटं नव्हतं. खडा बाटलीत घालून देतात का, असंही तिने विचारलं. त्या बाईला दिला होता आणि तो सगळ्या आळीने पाहिला होता. मी म्हटलं, हल्ली देत नाहीत.

दसरा झाल्यावर ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर पहिल्यांदा आठवतं ते हे, की नर्स मला चालायला लावत होती आणि सगळे जण माझ्या ढेकरीची वाट बघत होते. ती आल्यावर नवऱ्याने लेकीला फोन करून कळवलं. पाणी औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून, घोट घोट. पहिल्या दिवशी तो कप संपवायला मला मालिकेचा एक भाग बघायला लागतो तेवढा वेळ लागला.

घरी आल्यावर आधी नुसतं पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. माझ्यासाठी वाटी आणि चहाचा चमचा वेगळा काढला. घास गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा हा नियम होता. तीस वर्षं मी उभ्याने, पुढच्या खोलीचा विचार करत जेवले होते, त्यामुळे चमचा खाली ठेवणं हे मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. एकदा घाईत भाकरीचा तुकडा नीट न चावता गिळला. छातीत असा अडकला की मी पायऱ्यांवर बसून राहिले आणि तो वर यावा की खाली जावा यातलं काहीही चालेल या मताला आले. वर आला. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे मोरी तुंबली तेव्हा घरात फक्त मीच शांत होते.

दुसऱ्या आठवड्यात दादा आला. आईने आळणी पाठवलं होतं, म्हणजे मसाला न घातलेलं गावठी कोंबडीचं पाणी. ते मला चालत होतं. सोबत डिंकाचे लाडूही होते. ते नवऱ्याला चालत होते. दादाने इकडंतिकडं बघून घेतलं आणि मग सांगितलं, "आईनं नवस बोललाय. तू बरी हून पायी वर आलीस तर तुजी गुळाची तुला करनार हाय."

गुळाची तुला म्हणजे देवळात मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. दोन्ही बरोबर झाले की तो गूळ देवाला दाखवून गावात वाटतात. लहान पोरांची करतात. माझ्या वयाच्या बाईची झालेली मला आठवत नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर काट्याकडे पाठ केली तिला आता गावासमोर तराजूत बसायचं होतं. दादाला म्हटलं, दुसरं काही बोलता आलं नसतं का, नारळ वगैरे. तो म्हणाला, ऑपरेशनच्या दिवशी ती देवळात बसून होती, त्या वेळी तिला विचारायला कोण जाणार.

मी चालायला लागले. आधी घरात, मग बाजारापर्यंत, मग तुंगार्लीच्या चढावर. कपडे सैल झाले, अंगठी बोटातून गळून पडायला लागली, कामावर लोक विचारायला लागले की घरी सगळं ठीक आहे ना. चैत्रात गावची जत्रा असते. जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही टाकव्याला उतरलो.

आंब्याखाली मी थांबले. दम लागला म्हणून नाही, थांबायची सवय होती म्हणून. नवरा मागून घामाघूम होत आला आणि म्हणाला, थोडं बसूया. त्याच्यासाठी बसलो.

वर पोचले तेव्हा आई देवळाच्या पायरीवर बसली होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. उठून माझा दंड चाचपला, गाल चाचपला, आणि वहिनीला म्हणाली, "खड्यानं पार वाळवली गं पोरीला."

सभामंडपात तराजू टांगला होता. दादाने गुळाच्या ढेपा आणून ठेवल्या होत्या. मला बघून त्याने अंदाज केला आणि म्हणाला, पुरंल, उरंल बी.

"कसा पुरंल?" आई म्हणाली. "मी बोलले तवाचं वजन द्यायचं. देवाला काय आजचं सांगितलं व्हतं?"

दादा म्हणाला, पारड्यात ती आज बसणार आहे. आई म्हणाली, मंग देवाला फसवायचं का? गुरवाने दोघांचं ऐकून घेतलं. असा पेच आधी आला नव्हता, कारण नवस बोलल्यावर माणसं वजन घटवून येत नाहीत. त्याने आईच्या बाजूने निकाल दिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तवा किती व्हतं, ताई?"

मंडपात बरीच माणसं होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो तुळईकडे बघत होता. मी आकडा सांगितला. इथे लिहीत नाही. कोणाला हवा असेल तर त्या गावात विचारावं, सगळ्यांना पाठ आहे.

गुरवाने आजचं वजन विचारलं, तोंडी वजाबाकी केली आणि फरक जाहीर केला. तेवढा भार माझ्या पारड्यात टाकायला हवा होता. दुपारच्या पंगतीसाठी घरचा इंद्रायणी तांदूळ आणलेला होता, त्यातला एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, जवळजवळ तेवढाच भरत होता. मी पारड्यात मांडी घालून बसले. दोघांनी कट्टा उचलला, एकाचा हात सुटला, तिसरा धावला, आणि तो माझ्या शेजारी ठेवला. समोरच्या ढेपा कमी पडल्या. दादा मोटरसायकल काढून आणखी गूळ आणायला खाली गेला. तो येईपर्यंत उतरू नकोस, असं गुरवाने सांगितलं.

मी आणि कट्टा, दोघं पारड्यात बसून राहिलो. आई जवळ आली. ती कट्ट्याकडे बघत होती. तांदळाच्या वजनाचा तिचा अंदाज चुकत नाही.

"एवढं सगळं खड्यानं गेलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "खडा नव्हता, आई. जठर कापून लहान केलंय. मीच करून घेतलं. आता पोटात मावत नाही."

तिने कट्ट्याच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी धरून उचलून बघितलं. तो हलला नाही. तिने परत एकदा जोर लावला. मग हात तसाच कट्ट्यावर ठेवला.

"हे घिऊन चढत व्हतीस?"

"आंब्यापर्यंत."

दादा गूळ घेऊन आला. काटा मध्यावर आला, घंटा वाजली, मी उतरले. सगळ्यांनी गूळ घेतला. मी वाटाण्याएवढा खडा जिभेवर धरला. जास्त गोड खाल्लं की मला आता घाम फुटतो आणि छाती धडधडते. कट्ट्याचं तोंड सोडून तांदूळ स्वयंपाकाला नेला.

दुपारी पंगत बसली. आई माझ्या शेजारी बसली. आमच्याकडे पंगतीत पहिलं वाढलेलं कोणी मोजत नाही, आग्रहाने वाढतात तिथून जेवण सुरू होतं, आणि त्या आग्रहात आईचा हात धरणारं गावात कोणी नाही. माझ्या पत्रावळीवर थोडा भात आणि आमटी होती. मी घास घेत होते, बोटं थांबवत होते, पुन्हा घास घेत होते. तो माझ्याच पारड्यातला तांदूळ होता, आणि सगळं गाव तो भुरकून खात होतं. चार-पाच घासांत माझं पोट भरलं.

वाढपी भाताची बादली घेऊन परत आला. मला बघून थांबला आणि म्हणाला, "ताई, आज तर तुमचाच मान हाय," आणि त्याने उलथणंभर भात उचलला. मी नको म्हणणार होते. त्याआधीच माझ्या पत्रावळीवर आईचा हात आडवा आला.

"तिला नगं," ती म्हणाली. "तिचं झालंय."

वाढप्याने उलथणं वळवलं. मग त्याने तो भात तिच्या पत्रावळीवर घातला आणि पुढे गेला.