वळणावरचा ठोकळा

इटलीतल्या आमच्या बोर्मिओ गावच्या बर्फाच्या रिंकवर आमच्या शेजारच्या इर्माचं काम वळणावर बसायचं. स्केटिंगवाल्या मुली भरधाव वळताना खुणेचे रबरी ठोकळे उडवतात. त्या फेरी मारून यायच्या आत ठोकळा जागेवर ठेवायचा, नाहीतर त्यावर अडखळून कुणी पडायची. पडलेल्या मुलीला मात्र हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचं काम.

त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, पाचशे मीटरच्या शर्यतीत, तिची लेक नोएमी तिच्याच वळणावर घसरली आणि ठोकळा उडवत कडेच्या गादीवर जाऊन आदळली. आम्ही किंचाळलो. इर्मा उठली, ठोकळा जागेवर ठेवला आणि परत येऊन बसली. बाकीच्या मुली सुखरूप वळल्या.

नोएमीचा गुडघा कायमचा गेला. गावातले शहाणे म्हणत होते, "काय शिस्त हो बाईंची!" एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

महिन्याभराने मी मक्याच्या पिठाचा गरम पोलेंता घेऊन मायलेकींकडे गेले.

"आई, तू बरोबरच केलंस," नोएमी म्हणाली. "पण एकदा तरी माझ्याकडे बघायचंस गं."

आणि कुबड्या घेऊन ती खोलीत निघून गेली.

दार लागल्यावर इर्मा मला म्हणाली, "बघितलं असतं, तर ठोकळ्याकडे हात गेला असता का माझा?"