दहा आणलीस, दहाच ने

"हात दाखव." सकाळी कामावर आलं की त्याचं आधी हे. रामराम नंतर. आपण दोन्ही पंजे वर करायचे, तो बोटं मोजायचा आणि म्हणायचा, "दहा आणलीस, दहाच घरी ने." त्याची स्वतःची आठ होती. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. आपण त्याला हसतो.

सातपूरच्या कारखान्यात तो, मी, आम्ही सगळे प्रेसवर होतो. पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून ठोका. हात मधे राहू नये म्हणूनच बटणं दोन. पण माल जास्त निघावा म्हणून आम्ही एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचो. सगळेच ठोकायचे. त्याची दोन बोटं तशीच गेली. कुणी हळहळलं तर म्हणायचा, "मशीनला कशाला शिव्या देता? पाचर मीच ठोकली व्हती."

पुढं रोबोट आला. भोवती जाळी, एका बाजूला मोकळी जागा, तिथं सेन्सर. मधे हात गेला की सगळं जागच्या जागी थांबतं. आम्ही म्हणालो, "जावई आला, जपा त्याला." तो हसला नाही. रोज सकाळी आपला तुटका पंजा तिथं घालून बघायचा. रोबोट थांबला की म्हणायचा, "ह्याला आठ बोटंबी दिसत्यात."

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मी सेन्सरच्या काचेलाही कुंकू लावलं. देवाचा डोळाच वाटला मला. नारळ फुटला आणि रोबोट हलेना.

साहेब तरुण. मला म्हणाले, "काका, माल न्यायला गाडी दारात उभी आहे. सेन्सर बायपास करा, उद्या बघू."

मी पाना उचलला. तो आडवा आला.

"पुन्हा पाचर ठोकतो का रे?"

"काका, मेमो देईन," साहेब त्याला म्हणाले.

"द्या. पण आधी ह्याची बोटं मोजून घ्या. संध्याकाळी परत मोजायची हायेत."

मग त्याची नजर काचेवर गेली. सदऱ्याच्या टोकानं त्यानं कुंकू पुसलं. रोबोट चालू.

"डोळ्यात कुंकू घालतो व्हय रे, येड्या?"

त्याच दुपारी एक पत्रा वाकडा अडकला. जुन्या सवयीनं मी हात घातला. रोबोट मनगटापासून वीतभरावर थांबला. मी खालीच बसलो. त्यानं पाणी दिलं, माझं एकेक बोट मोजलं. मेमो मात्र त्याला मिळालाच.

घरी सांगितलं तर बायको रडली. तेव्हापासून दर दिवाळीला तिचा डबा त्याच्याकडं जायचा. मला ताकीद, "अनारसे मोडू नका, त्यांचे आहेत."

दोन वर्षांमागं तो गेला. पंचवटीच्या स्मशानात पोचवून आलो. यंदा बायकोही गेली.

आता भाकरी मीच थापतो. वाकडीतिकडी होते, खातो. पिठात हात घालायच्या आधी दोन्ही पंजे वर धरतो. बघायला घरात कुणी नाही.

दहा आहेत.